गरीब चित्रपट आणि श्रीमंत ग्रंथ

अभिजात ग्रंथावरून चित्रपट निघाला म्हणजे रसिकांमध्यें दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, ग्रंथाची विटंबना झाली. दुसरा म्हणतो, ग्रंथ चार घरीं अधिक पोंचला. त्यांतून तो चित्रपट वैज्ञानिक अद्भुतकथेच्या जातीचा असला आणि निर्मात्याची थैलीहि हलकी असली, म्हणजे पहिल्या पक्षाचा आवाज विशेषच चढतो. पुठ्ठ्याचीं यंत्रें, रंगवलेले पडदे आणि मोजकीं पात्रें एवढ्या सामग्रीवर थोर ग्रंथाचा संसार उभा राहावयाचा कसा, असा त्या पक्षाचा प्रश्न असतो. प्रश्न वाजवी आहे; परंतु त्याचें उत्तर नुसत्या तर्कानें देण्यापेक्षां उदाहरणांनीं दिलेलें बरें. त्यासाठीं दोनच ग्रंथ घेऊं: मेरी शेलीचा ‘फ्रँकेन्स्टाईन’ आणि डॅनियल डीफोचा ‘रॉबिन्सन क्रूसो’.

१८१६ च्या उन्हाळ्यांत जिनिव्हाच्या सरोवराकांठीं कवि बायरन आणि त्याचे स्नेही राहावयास आले होते. आदल्या वर्षीं सुंबावा बेटावरील तांबोरा या ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला होता, आणि त्याच्या परिणामानें त्या सालीं युरोपांत उन्हाळा असा आलाच नाहीं. पावसानें घरांत कोंडलेल्या मंडळींनीं प्रत्येकानें एकेक भुताची गोष्ट लिहावी असा बेत केला. त्या मंडळींत अठरा वर्षांची मेरी होती. तिची गोष्ट वाढत गेली, आणि १ जानेवारी १८१८ रोजीं तीन भागांत, लेखिकेच्या नांवाविना, लंडनमध्यें प्रसिद्ध झाली. पहिली आवृत्ति अवघ्या ५०० प्रतींची होती.

ही कथा सर्वांस ठाऊक आहे, निदान तशी सर्वांची समजूत आहे. व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन हा तरुण विद्यार्थी निर्जीव अवयव जुळवून एक सजीव देह घडवितो, आणि त्या देहानें डोळे उघडतांच भिऊन पळून जातो. लोकांच्या तोंडीं फ्रँकेन्स्टाईन हें नांव राक्षसाचें झालें आहे. पण ग्रंथांत राक्षसाला नांवच नाहीं. ज्यानें जन्म दिला त्यानें नांव देण्याइतकेंहि आपलेपण दाखविलें नाहीं. तें टाकलेलें पोर एका झोंपडीच्या आडोशास राहून भाषा शिकतें, मिल्टनचें महाकाव्य वाचतें, मनुष्याच्या प्रेमाची याचना करतें, आणि तें मिळत नाहीं असें दिसल्यावर सुडास प्रवृत्त होतें. विशेष हें कीं, निर्जीवांत जीव कसा घातला याची कृति ग्रंथांत दिलेलीच नाहीं. व्हिक्टर ती बुद्ध्याच लपवितो. प्रयोगशाळेचें वर्णन हा लेखिकेचा हेतु नव्हता. तिचा प्रश्न एकच होता: ज्यानें निर्माण केलें, त्याचें आपल्या निर्मितीविषयीं कर्तव्य काय?

या ग्रंथावरील पहिला चित्रपट १९१० सालीं निघाला. टॉमस एडिसनच्या कंपनीनें न्यूयॉर्कमधील ब्रॉन्क्स भागांतल्या आपल्या चित्रशाळेंत तो काढला. दिग्दर्शक होता जे. सर्ल डॉली. सारा मूकपट एका रिळाचा, म्हणजे पाव तासाच्या आंतबाहेरचा. राक्षसाचा जन्म दाखवावयाचा, तर कंपनीजवळ आजच्या संगणकाची किमया नव्हती. तिच्या कारागिरांनीं एक पुतळा केला, तो पेटवून दिला, जळत असतां त्याचें चित्रण केलें, आणि तें चित्रण उलट्या क्रमानें दाखविलें. पडद्यावर दिसतें तें असें: धुरानें भरलेल्या कढईंतून एक सांपळा हळूहळू वर येतो, हाडांवर मांस चढूं लागतें, हात हालूं लागतो. जें प्रत्यक्षांत जळून नाहींसें होत होतें, तेंच जन्मास येत आहे असें वाटतें. दृश्य पाहून आजहि अंगावर कांटा येतो, आणि त्याला खर्च लागला तो एका पुतळ्याचा व थोड्या सरपणाचा.

याहून महत्त्वाचा आहे तो शेवट. चार्ल्स ओगल या नटानें साकारलेला राक्षस एका मोठ्या आरशासमोर उभा राहतो आणि विरून जातो. पण आरशांतील त्याचें प्रतिबिंब मात्र तसेंच राहतें. मागून फ्रँकेन्स्टाईन येतो. आरशांत पाहतो, तर तेथें त्याचें स्वतःचें रूप नाहीं, राक्षसाचें आहे! कांहीं क्षणांनीं तें पुसट होतें आणि मग त्याला आपला चेहरा दिसतो. प्रेमाच्या बळापुढें मनांतील दुष्ट वृत्ति नाहींशी झाली, असा चित्रपटाचा अभिप्राय आहे. ग्रंथांत हा प्रसंग नाहीं, आणि ग्रंथाचा शेवट इतका सुखाचाहि नाहीं. तरीहि राक्षस आणि त्याचा कर्ता ही एकाच मनाची दोन रूपें आहेत, हा ग्रंथाच्या पोटांतला विचार एका आरशानें सांगितला. कित्येक वर्षें हा मूकपट नष्ट झाला असेंच समजलें जाई. पुढें अमेरिकेंत एका संग्राहकापाशीं त्याची प्रत असल्याचें उघड झालें, आणि २०१८ सालीं, ग्रंथाच्या द्विशताब्दीच्या वर्षीं, तेथील लायब्ररी ऑफ काँग्रेसनें तिचा जीर्णोद्धार करून ती सर्वांना पाहावयास खुली केली.

यानंतर आला तो १९३१ चा प्रसिद्ध बोलपट. युनिव्हर्सल ही बडी कंपनी, जेम्स व्हेलचें दिग्दर्शन आणि बोरिस कार्लोफचा अभिनय. चौकोनी कपाळ आणि मानेंत खिळे असलेला जो राक्षस आज मुलांच्या चित्रांतहि दिसतो, तो या बोलपटाचा. त्याचें कलाकौशल्य वादातीत आहे. परंतु कथेंत एक फेरफार असा झाला कीं, त्यानें मूळ प्रश्नच अर्धा मावळला. शास्त्रज्ञाचा मदतनीस चांगला मेंदू हातून पडल्यामुळें गुन्हेगाराचा मेंदू घेऊन येतो, आणि तोच राक्षसाच्या डोक्यांत बसविला जातो. म्हणजे पुढील अनर्थाचा दोष कोणाचा, तर नोकराच्या धांदरटपणाचा आणि त्या मेंदूचा! कर्त्याचा अपराध हलका झाला. शिवाय मिल्टन वाचणारा वाचाळ जीव येथें मुका झाला. ज्याला बोलतां येत नाहीं, तो आपल्या जन्मदात्याला जाब कसा विचारणार?

तो जाब पुन्हां विचारला गेला १९५७ सालीं, आणि तोहि गरिबीमुळेंच. इंग्लंडांत हॅमर नांवाची एक लहान कंपनी होती. थेम्सच्या कांठीं ब्रे या गांवाजवळच्या एका जुन्या हवेलींत तिनें आपली चित्रशाळा थाटली होती. या कंपनीनें सुमारें ६५ हजार पौंडांत ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाईन’ हा रंगीत बोलपट काढला. दिग्दर्शक टेरेन्स फिशर, लेखक जिमी सँग्स्टर. ग्रंथ जुना झाल्यामुळें त्यावर कोणाची मालकी उरली नव्हती. पण कार्लोफच्या राक्षसाचा मुखवटा आणि १९३१ च्या बोलपटानें घातलेली नवी भर यांवर युनिव्हर्सलचा हक्क होता. त्यांतलें कांहीं उचललें तर खटला ठरलेला. तेव्हां हॅमरला प्रसिद्ध राक्षस वापरतां येईना, आणि त्याच्या तोडीची प्रयोगशाळा उभारण्यास पैसा नव्हता. मग राहिलें काय? राहिला तो शास्त्रज्ञ. बोलपटाचें सारें लक्ष राक्षसावरून उठून त्याच्या कर्त्यावर जाऊन बसलें.

पीटर कुशिंगनें रंगविलेला हा बॅरन फ्रँकेन्स्टाईन सुसंस्कृत, मिठास बोलणारा आणि अत्यंत निर्दय आहे. त्याला उत्तम मेंदू हवा, म्हणून तो आपल्या घरीं पाहुणे आलेल्या वृद्ध विद्वानाला वरच्या मजल्यावरून लोटून ठार करतो. तो मेंदू पुढें झटापटींत दुखावतो आणि क्रिस्टोफर लीनें साकारलेला दीन जीव विकृत होऊन जन्मतो. येथें दोष नोकराचा नाहीं, दैवाचा नाहीं. मेंदू सज्जनाचा होता. खून करून मिळविला तो बॅरननें. घरांतल्या जस्टिन नांवाच्या दासीला कपटानें राक्षसाच्या खोलींत कोंडतो तोहि बॅरनच.

या जस्टिनचें नांव ध्यानांत घेण्याजोगें आहे. ग्रंथांत जस्टिन ही निरपराध मुलगी राक्षसानें केलेल्या खुनासाठीं फांशीं जाते, आणि सत्य ठाऊक असूनहि व्हिक्टर गप्प बसतो. बोलपटांत हा डाव उलटला आहे. जस्टिनच्या खुनासाठीं गिलोटिनकडे जावें लागतें तें बॅरनला. राक्षस तेजाबाच्या हौदांत विरघळून गेलेला. पुरावा उरलेला नाहीं. सत्य जाणणारा एकच मित्र आहे, आणि या वेळीं गप्प बसतो तो मित्र. हा फेरफार करणारानें ग्रंथ मनापासून विचारांत घेतला असला पाहिजे. हिरोशिमाला त्या वेळीं बाराच वर्षें झालीं होतीं. ज्ञानी, सभ्य माणसाच्या हातून घडणारा अनर्थ प्रेक्षकांस परका नव्हता. लंडनच्या कित्येक समीक्षकांनीं नाकें मुरडलीं, पण चित्रपटगृहें भरून गेलीं.

कोणी म्हणेल, हा एका ग्रंथाचा योगायोग असेल. म्हणून दुसऱ्या ग्रंथाकडे वळूं. डीफोचा ‘रॉबिन्सन क्रूसो’ १७१९ सालीं प्रसिद्ध झाला. बायरन हस्किन या दिग्दर्शकानें १९६४ सालीं त्या क्रूसोला मंगळावर नेलें. ‘रॉबिन्सन क्रूसो ऑन मार्स’ हा बोलपट बेताच्या खर्चांत झाला. मंगळाची भूमि म्हणून कॅलिफोर्नियांतील डेथ व्हॅली हें ओसाड खोरें वापरलें आणि त्यावरचें निळें आकाश तांबूस करून घेतलें. परग्रहावरील शत्रूंचीं यानें त्याच दिग्दर्शकाच्या १९५३ च्या ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ मधील यानांच्या घाटाचीं. पहिल्या अर्ध्या भागांत बहुतेक वेळ पडद्यावर एक अंतराळवीर आणि एक माकडीण.

या दारिद्र्यांतूनच त्यांतला सर्वांत हृदयस्पर्शी प्रसंग निघाला. नायकाचा सहकारी यान कोसळून मेलेला असतो. एके रात्रीं भ्रमांत तो गुहेच्या दारांत उभा दिसतो. नायक आनंदानें धांवतो, बोल म्हणून विनवितो, संतापतो. पण समोरचा माणूस एक शब्द बोलत नाहीं. तेथें ना यंत्र, ना स्फोट. हवा, पाणी आणि अन्न मिळालें तरी मनुष्याला मनुष्याचा शब्द लागतो, हें डीफोच्या ग्रंथांतलें सत्य तेवढ्या मौनानें कळतें.

पुढें या क्रूसोलाहि त्याचा फ्रायडे भेटतो. मूळ ग्रंथांतील क्रूसो आफ्रिकेंतून गुलाम आणण्यास निघाला असतां त्याचें जहाज फुटलें होतें, आणि फ्रायडेला त्यानें पहिल्यानें जे शब्द शिकविले त्यांत ‘धनी’ हा एक होता. बोलपटांतला फ्रायडे परग्रहवासीयांच्या खाणींतून पळालेला गुलाम आहे. त्याच्या मनगटांवर कडीं आहेत, आणि त्या कड्यांच्या योगानें धनी त्याचा माग काढतात. नायकाला श्वास पुरेनासा होतो तेव्हां फ्रायडे आपल्याजवळच्या प्राणवायूच्या गोळ्या त्याला देतो; नायक वाटचालींत त्याचीं कडीं चिकाटीनें कापीत राहतो. अडीचशें वर्षांपूर्वींचा ग्रंथ जेथें थांबला होता, तेथून हा बोलपट एक पाऊल पुढें गेला. आपलें कथानक शास्त्रशुद्ध असल्याची जाहिरात त्यानें केली होती. परंतु पुढल्याच वर्षीं, जुलै १९६५ मध्यें, मरिनर ४ या यानानें मंगळाजवळून जाऊन छायाचित्रें पाठविलीं आणि तेथील हवा किती विरळ आहे तेंहि दाखवून दिलें. बोलपटांतलें विज्ञान एका वर्षांत शिळें झालें. माणुसकीचा प्रश्न शिळा झाला नाहीं.

यावरून दारिद्र्य हाच गुण आहे असा निष्कर्ष मात्र काढूं नये. १९६६ सालीं अमेरिकेंत ‘जेसी जेम्स मीट्स फ्रँकेन्स्टाईन्स डॉटर’ नांवाचा एक बोलपट निघाला. तोहि अल्प खर्चाचा. नांवांत मुलगी आहे आणि कथेंत ती निघते नात! ज्याला आपल्याच कथेंतलें नातें सांभाळतां आलें नाहीं, त्यानें मेरी शेलीचा प्रश्न काय सांभाळावा? तेथें ग्रंथाकडून घेतलें तें केवळ खपणारें नांव. उलट, मोठ्या खर्चाचे चित्रपटहि कधीं कधीं ग्रंथाला जागतात. पैशाचा तोटा निर्मात्यासमोर एक निवड उभी करतो, एवढेंच म्हणतां येईल. देखाव्याची वाट बंद झाल्यावर त्यानें एक तर ग्रंथाचें नांव विकावें, नाहीं तर ग्रंथाचा प्रश्न हातीं घ्यावा. डॉली, फिशर आणि हस्किन यांनीं प्रश्न हातीं घेतला.

आज यंत्रांना बुद्धि देण्याचे आणि जीवांच्या बीजांत पालट करण्याचे प्रयोग चालू असतां मेरी शेलीचा प्रश्न घरोघरीं येऊन ठेपला आहे. घरांतल्या मुलांनीं असा एखादा जुना, स्वस्त चित्रपट पाहिला, तर पुठ्ठ्याच्या यंत्रांना तीं हंसतील, हंसूं द्यावें. हंसून झाल्यावर त्यांना एवढेंच विचारावें कीं, या कथेंत अपराध कोणाचा? उत्तराविषयीं वाद पडला, तर फळीवरचा मूळ ग्रंथ काढून त्यांच्या हातीं द्यावा.