वेधशाळेपासून बांधापर्यंत

शालेय भूगोलात हवा आणि हवामान या दोन शब्दांत फरक केलेला असतो. एखाद्या ठिकाणची त्या वेळची वातावरणाची स्थिती म्हणजे हवा आणि तिथल्या हवेची अनेक वर्षांची सरासरी म्हणजे हवामान. बोलण्यात मात्र दोन्हींना हवामानच म्हणतात, आणि त्यात व्यवहाराचे फारसे बिघडत नाही. उद्या फवारणी करावी की नाही आणि यंदा तूर घ्यावी की सोयाबीन, हे दोन्ही प्रश्न एकाच घरात विचारले जातात. त्यांना, आणि गावचा नवा पूल किती उंच बांधावा यासारख्या लांब पल्ल्याच्या प्रश्नालाही, उपयोगी पडेल असे उत्तर वेळेवर देणे याला हवामान सेवा म्हणतात. २००९ साली जिनिव्हात भरलेल्या तिसऱ्या जागतिक हवामान परिषदेत अशा सेवांचा जागतिक आराखडा करण्याचे ठरले. निरीक्षण, संशोधन, माहितीची यंत्रणा, माणसांची तयारी आणि माहिती वापरणाऱ्यांशी संवाद हे त्याचे पाच आधार. शेवटचा आधार कागदावर सर्वांत सोपा दिसतो. प्रत्यक्षात गाडी तिथेच अडते.

भारतात हे काम अनेक खात्यांत वाटलेले आहे. पावसाचा, उष्णतेचा, वादळाचा अंदाज भारतीय हवामान विभाग देतो. नदीच्या पुराचा अंदाज केंद्रीय जल आयोगाकडे, धरणाचे दरवाजे राज्याच्या जलसंपदा विभागाकडे, समुद्राच्या लाटांची माहिती हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडे. पिकाचे काय करायचे ते कृषी विद्यापीठ सांगते आणि माणसांना घराबाहेर काढायचा आदेश जिल्हाधिकारी देतात, कारण २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे दिले आहे. शाळेला सुट्टी देण्याचा निर्णयही प्रशासनाचा. वेधशाळेने सुट्टी दिली असे लोक म्हणतात, पण वेधशाळा फक्त इशाऱ्याचा रंग सांगते.

यातली सर्वांत जुनी आणि सर्वांत नीट बसलेली साखळी शेतीची आहे. हवामान विभागाची स्थापना १८७५ ची, तर त्याची कृषी हवामान शाखा पुण्यात १९३२ साली सुरू झाली. १९४५ पासून शेतकऱ्यांसाठीचे हवामानपत्रक आकाशवाणीवरून जाऊ लागले. त्या पत्रकात पाऊस पडेल की नाही एवढे कळे. पडला तर शेतात काय करायचे हे त्यात नसे, कारण ते सांगणे हवामान विभागाचे काम नव्हते आणि ज्यांचे होते ते दुसऱ्या खात्यात होते. १९७६ साली राज्यांच्या कृषी खात्यांना जोडून घेऊन कृषी हवामान सल्ला सुरू झाला आणि २००८ पासून तो जिल्हावार मिळू लागला.

हा सल्ला तयार होण्याची रीत पाहण्यासारखी आहे. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, हवामान विभागाकडून पुढील पाच दिवसांचा जिल्ह्याचा अंदाज येतो. राहुरी, परभणी, अकोला, दापोली अशा कृषी विद्यापीठांतले तज्ज्ञ तो समोर ठेवतात आणि त्यांना पिकाची अवस्था, जमिनीतला ओलावा, कीड-रोग यांची माहिती असते. मग "वाऱ्याचा वेग वाढेल, मध्यम पाऊस होईल" या वाक्याचे रूपांतर होते: फवारणी पुढे ढकलावी, काढलेले सोयाबीन ताडपत्रीने झाकावे, भाताच्या खाचरातले जादा पाणी काढून द्यावे. हवामान सेवेतला सगळा कस या रूपांतरात आहे. ते एकट्या हवामानशास्त्रज्ञाला करता येत नाही आणि एकट्या कृषितज्ज्ञालाही नाही.

साखळी किती नाजूक असते तेही इथेच दिसते. सल्ला जिल्ह्यावरून तालुक्यापर्यंत नेण्यासाठी २०१८ पासून कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रे उघडली गेली. देशभरात अशी १९९ केंद्रे झाली. पैसा पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या बाजूचा, जागा आणि शेतकऱ्यांशी संबंध कृषी मंत्रालयाच्या बाजूच्या कृषी विज्ञान केंद्राचा. २०२४ च्या सुरुवातीला ही केंद्रे बंद करण्याचा आदेश निघाला. दोन मंत्रालयांच्या शिवेवर उभ्या केलेल्या खोलीचे भाडे कोणी भरायचे, हा प्रश्न आधी सुटावा लागतो. तो सुटला नाही की आधी खोली जाते आणि मग तिच्यात तयार होणारा सल्ला.

उलट अनुभवही आहे. २०२५ च्या खरिपाआधी केंद्रीय कृषी मंत्रालयाने कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साह्याने काढलेला मान्सूनच्या आगमनाचा अंदाज १३ राज्यांतल्या सुमारे ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना मोबाइलवर पाठवला. त्या वर्षी मान्सून लवकर आला, पण वाटेत जवळजवळ वीस दिवस अडखळला. संदेशांमध्ये त्या खंडाची सूचना होती. पहिल्या सरीवर पेरणी करून बसलेल्याला दुबार पेरणी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. इथे अंदाज, शेतकऱ्यांची नोंदणी आणि संदेश पाठवण्याची सोय या तिन्ही गोष्टी एका सूत्रात आल्या म्हणून काम झाले.

भाषेचाही मोठा अडसर आहे. "तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस" हे वाक्य कानावरून रोज जाते. त्यातला "तुरळक" हा शब्द पावसाला नसून ठिकाणांना लागलेला आहे. त्या भागातल्या जास्तीत जास्त एक चतुर्थांश केंद्रांवर पाऊस पडेल, एवढाच त्याचा अर्थ. "काही ठिकाणी" म्हणजे निम्म्यापर्यंत, "बऱ्याच ठिकाणी" म्हणजे पाऊणपर्यंत आणि त्याच्या वर "बहुतांश ठिकाणी". ऐकणाऱ्याला वाटते पाऊस तुरळक आहे, आणि त्याच रात्री ओढा घरात शिरतो. आणखी गंमत अशी की खात्यांचे शब्दही एकमेकांशी जुळत नाहीत. एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की महसूल खात्याच्या हिशेबात ती अतिवृष्टी, आणि पंचनाम्याची चाके त्यावर फिरू लागतात. हवामान विभागाच्या मोजपट्टीवर ६४.५ मिलिमीटरपासून नुसता मुसळधार सुरू होतो. अति मुसळधार म्हणायला ११५.६ आणि अत्यंत मुसळधार म्हणायला २०४.५ मिलिमीटर लागतात. पाऊस तेवढाच, एका कचेरीत तो अतिवृष्टी आणि दुसरीत पहिल्या पायरीवर. पिवळा, नारिंगी, लाल हे रंग याच गोंधळावरचा उपाय आहेत: पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे कृती करा. मात्र कृती कोणी आणि कोणती, हे रंगात लिहिलेले नसते.

मोजण्याचीही तीच कथा. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, कुलाब्याला जेमतेम ७३. शहराच्या दोन टोकांच्या दोन आकड्यांवर मधल्या मिठी नदीचे काय झाले ते कळणे शक्य नव्हते. त्यानंतर महापालिकेने जागोजागी स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले. पुढे २०२० मध्ये हवामान विभागाच्या मंत्रालयाने आणि महापालिकेने मिळून आयफ्लोज ही पूर-इशारा प्रणाली सुरू केली. तीत पावसाच्या अंदाजाबरोबर भरती, नद्या-नाले आणि सखल भाग यांची माहिती एकत्र येते. राज्यभर महावेध प्रकल्पातून महसूल मंडळाच्या पातळीवर दोन हजारांहून अधिक स्वयंचलित केंद्रे उभी राहिली. पीकविम्याचा दावा अशाच नोंदींवर उभा राहतो किंवा पडतो, त्यामुळे आपल्या शिवाराचा पाऊस कोणत्या केंद्रावर मोजला गेला याची चौकशी आता गावात होते.

पुराच्या बाबतीत खात्यांबरोबर राज्येही वाढतात. कृष्णा खोऱ्यात पाऊस सांगतो हवामान विभाग, पाणीपातळी सांगतो जल आयोग, कोयनेचे दरवाजे महाराष्ट्राकडे आणि खालच्या अलमट्टीचे कर्नाटकाकडे. २००५ आणि २०१९ या दोन्ही पुरांनंतर सांगली-कोल्हापुरात याच शेवटच्या मुद्द्यावर वाद झाला. धरण चालवणाऱ्याची अडचण खरी असते. पावसाळा संपताना धरण भरलेले पाहिजे, नाहीतर उन्हाळ्यात टँकर. आणि ऑगस्टमध्ये त्यात मोकळी जागा पाहिजे, नाहीतर खाली पूर. किती पाणी आधीच सोडायचे हे पुढच्या आठवड्याच्या अंदाजावर ठरते, आणि अंदाज चुकला तर जबाबदारी सोडणाऱ्या अभियंत्यावर येते. अशा वेळी अभियंता वाट पाहतो, यात नवल नाही. अंदाज किती टक्के खात्रीचा असला की किती विसर्ग करायचा, हे आधीच लेखी ठरलेले असेल तरच माहिती निर्णयापर्यंत पोहोचते.

उष्णतेच्या बाबतीत अहमदाबादने हेच करून दाखवले. मे २०१० मध्ये तिथे पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यातले मृत्यू आधीच्या वर्षांशी ताडून पाहिल्यावर १३४४ मृत्यू जादा निघाले. उष्माघात अशी नोंद त्यांतल्या फारच थोड्यांची होती. २०१३ मध्ये महापालिकेने उष्णता कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. त्यातली कळीची गोष्ट ही की धोक्याच्या पायऱ्या शहराने स्वतःच्या मृत्युनोंदी पाहून ठरवल्या. सपाट प्रदेशात उष्णतेची लाट म्हणायला पारा निदान ४० अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी चढलेला असावा लागतो, हा हवामान विभागाचा निकष. अहमदाबादेत मात्र ४१.१ पासून पिवळा, ४३.१ पासून नारिंगी आणि ४५ पासून लाल अशा पायऱ्या केल्या गेल्या. अंदाज महापालिकेच्या एका नेमलेल्या अधिकाऱ्याकडे येतो आणि तिथून रुग्णालये, पाणीपुरवठा, बागा, कामगार विभाग यांच्याकडे फिरतो. दुपारी बंद असणारी बाग त्या दिवशी उघडी राहते, बर्फाच्या पिशव्या वॉर्डात पोहोचतात. नागपूरनेही पुढे असा आराखडा केला. आरोग्य खात्याची वही वेधशाळेच्या आकड्याशेजारी ठेवल्याशिवाय यातले काही जमले नसते.

समुद्रावर परिस्थिती सर्वांत कठीण. बंदरात तीन नंबरचा बावटा लागला की कोळीवाड्यात होड्या ओढल्या जातात, ही जुनी आणि आजही चालणारी व्यवस्था. पण आठ-दहा दिवसांसाठी खोल समुद्रात गेलेल्या ट्रॉलरला बावटा दिसत नाही आणि किनाऱ्यापासून काही मैलांवर मोबाइलही मुका होतो. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळ झपाट्याने बळावले तेव्हा केरळ आणि तमिळनाडूचे कितीतरी मच्छीमार आधीच आत होते. किनाऱ्यावर इशारा दिला गेला, होडीपर्यंत तो गेला नाही. २०१९ मध्ये इन्कॉइसने जेमिनी हे छोटे यंत्र आणले. गगन उपग्रहांमार्फत वादळाचा, उंच लाटांचा इशारा आणि मासळी कुठे मिळेल याची माहिती ते होडीवरच्या मोबाइलवर उतरवते. पण हा संदेश एकाच दिशेने जातो. होडी बुडते आहे हे तांडेल त्यातून कळवू शकत नाही. त्यासाठी इस्रोच्या तंत्राचा, दोन्ही बाजूंनी संदेश देणारा ट्रान्सपाँडर तयार झाला. मत्स्यव्यवसाय विभागामार्फत तो एक लाख होड्यांवर बसवायच्या योजनेची सुरुवात ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये झाली. त्यामुळे समुद्रातली होडी संकटाचा निरोप किनाऱ्यावर पाठवू शकते.