पंक्चर झालेला रनफ्लॅट टायर: ठेवायचा की बदलायचा?



मी फौजेत ई.एम.ई.मध्ये होतो. ट्रक, तोफा, रणगाडे बिघडले की ज्यांच्या दारात येतात, ती ही शाखा. समोर आलेली वस्तू दुरुस्त करायची की मोडीत काढायची, हे ठरवून कागदावर सही करणं हे आमचं नेहमीचं काम. मोडीत काढायची असेल तर शेरा असायचा बी.ई.आर. म्हणजे दुरुस्ती करता येईलही, पण परवडण्यापलीकडची. आता निवृत्त झालो, तरी नात्यागोत्यात कुणाची गाडी कुरकुरली की फोन मलाच येतो. गेल्या काही वर्षांत त्यातले बरेच फोन रनफ्लॅट टायरचे असतात, म्हणून आज तेवढ्यावरच बोलतो.

साध्या ट्यूबलेस टायरमधली हवा गेली की तो बसतो आणि रिम त्याच्या बाजूच्या भिंतीला चिरडून टाकते. रनफ्लॅटच्या त्या भिंतीत जाड, कडक रबराचा जादा थर घातलेला असतो. हवा शून्यावर आली तरी भिंत काही काळ गाडीचं वजन पेलते. फौजेतल्या काही चिलखती गाड्यांमध्ये टायरच्या आत रिमवर एक भक्कम कडं बसवलेलं असतं. पद्धत वेगळी, पण हेतू तोच: गोळी लागली तरी तिथं थांबावं लागू नये.

बहुतेक कंपन्यांनी या टायरला मर्यादा घालून दिलेली असते: हवा गेल्यावर ताशी 80 किलोमीटरच्या आत, आणि साधारण 80 किलोमीटरपर्यंत. लोक हा आकडा ऐकतात आणि त्याचा अर्थ उलटा लावतात. त्यांना वाटतं, 80 किलोमीटर चाललं की टायरला काही होत नाही. तसं नाही. रस्त्यात अडकू नये म्हणून टायरनं स्वतःचा जीव देऊन तुम्हाला पोचवायचं, त्यासाठी ते 80 किलोमीटर आहेत. हवेशिवाय चालताना प्रत्येक फेऱ्याला ती भिंत दुमडते आणि उलगडते, त्यातून उष्णता तयार होते, आणि रबर आतून भाजत जातं. गाडीत माणसं आणि सामान जितकं जास्त, वेग जितका जास्त, तितकं ते लवकर होतं. बाहेरून मात्र टायर तसाच काळा, तसाच गुळगुळीत.

माझे जावई आणि मुलगी बेंगळुरूला असतात. दोन नातवंडं. जर्मन गाडी, जुनी घेतलेली, चारही टायर रनफ्लॅट, डिकीत स्टेपनी नाही. दावणगेरेहून येताना चित्रदुर्गाच्या पुढे डॅशबोर्डवर हवेचा दिवा लागला. जावईबापूंनी गाडी कडेला घेऊन पाहिलं, तर चारही टायर सारखेच उभे. सेन्सर बिघडला असेल म्हणून ते निघाले. हिरियूरला, म्हणजे चाळीसएक किलोमीटर पुढे, चहाला थांबले तेव्हा पंक्चरवाल्यानं गेज लावला. मागच्या डाव्या चाकात सहाची हवा. पाहिजे तेहतीसची. त्यानं खिळा काढून बाहेरूनच रबरी दोरी ठोसली, हवा भरली, आणि मंडळी बेंगळुरूला पोचली.

मला फोन आला आठवड्यानं, कारण पुढच्या शनिवारी सगळे गोव्याला निघणार होते.

"बाबा, आठ दिवसांत पाव पॉइंटही हवा उतरली नाही. म्हणजे टायर चांगलाच आहे ना?"

"हवा उतरली नाही म्हणजे भोक बुजलंय," मी म्हटलं. "भिंतीचं काय झालंय ते हवेला कळत नाही. तुम्ही किती वेगानं आलात तिथपर्यंत?"

"नव्वद, शंभर असेल."

"मग टायर रिमवरून उतरवा. उतरवल्याशिवाय गोव्याला जायचं नाही."

त्यांनी दुकानातून व्हिडिओ कॉल केला. टायरच्या आतल्या बाजूला, भिंतीवर, गोल फिरलेला एक फिकट पट्टा दिसत होता, सुरकुत्यांसारखा. हात फिरवला तर बोटांना काळी भुकटी, खोडरबर घासल्यावर पडते तशी. दुकानदार म्हणाला, आतून मशरूम पॅच लावतो, सातशे रुपये. नव्या टायरला तो सव्वीस हजार सांगत होता. जावई गप्प होते. सव्वीस हजार काही कमी नाहीत, आणि टायर जेमतेम वर्षाचा. पण ती भुकटी म्हणजे भिंतीचंच रबर होतं. त्यावर कुठलाही पॅच चालत नाही. मी सांगितलं, बी.ई.आर.

आता याच्या उलट बाजूची गोष्ट. वडोदऱ्यात माझे एक जुने सहकारी आहेत, कर्नल म्हणून निवृत्त झालेले. दर रविवारी सकाळी गाडी थंड असताना हवा मोजायची त्यांची सवय. एका टायरमध्ये तेहतीसच्या जागी तीस निघाली. पाहिलं तर जमिनीला टेकणाऱ्या भागात, बरोबर मधोमध, एक बारीक स्क्रू. हवेचा दिवा तर लागलाही नव्हता. विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये ऐकवलं गेलं, रनफ्लॅट दुरुस्त होतच नाही, बदला. हे माझ्या मते अर्धसत्य आहे. काही कंपन्या खरोखरच दुरुस्तीला नाही म्हणतात, आणि तसं असेल तर त्यांचं ऐकावं. काही कंपन्या अटींवर परवानगी देतात. कर्नलसाहेबांनी आपल्या टायरच्या कंपनीचं पत्रक वाचलं, दुसऱ्या दुकानात टायर उघडून घेतला, आत सगळं स्वच्छ. मशरूम लावला. तो टायर पुढे झिजेपर्यंत चालला. तिथे नवा टायर घेणं म्हणजे नुसती उधळपट्टी झाली असती.

अटी कोणत्या म्हणाल, तर भोक जमिनीला टेकणाऱ्या भागातच हवं; खांद्याला किंवा भिंतीला असेल तर विषय संपला. रुंदी 6 मिलिमीटरच्या आत. टायर उतरवून आतून तपासलेला हवा, आणि दुरुस्तीही आतूनच, मशरूमनं. दोरी फक्त दुकानापर्यंत पोचायला. पण या सगळ्याहून महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे: टायर कमी हवेवर किती चालला? हे दुकानदार सांगू शकत नाही, तुम्हीच सांगू शकता. म्हणून दिवा लागला की थांबा, किलोमीटरचा आकडा लिहून ठेवा, हवा मोजा. डोळ्यानं बघून रनफ्लॅट कळत नाही, त्याची भिंत त्यासाठीच तर कडक केलेली असते. आपण हवेशिवाय किती चाललो हे ज्याला ठाऊक नाही, त्यानं टायर गेला असंच धरावं.

बदलायचा ठरला तर एकच बदलायचा की जोडी? एकाच आसावरचे दोन टायर सारखे झिजलेले असावेत. नव्या टायरची नक्षी साधारण 8 मिलिमीटर खोल असते, आणि 1.6 वर कायद्यानंच तो बाद. जोडीदार अर्ध्यावर आला असेल तर मी दोन्ही बदलतो. जावयांचा दुसरा टायर जवळजवळ नवाच होता, म्हणून एकावर भागलं. घेताना भिंतीवरचे शेवटचे चार आकडे वाचा. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. दुकानात तीन वर्षं पडून राहिलेला टायर पूर्ण किमतीला घेऊ नका.

काही जण म्हणतात, ही कटकटच नको, साधे टायर टाकू. टाका, पण चारही. एकाच आसावर एक रनफ्लॅट आणि एक साधा, असं कदापि नको. शिवाय स्टेपनी किंवा पंक्चर किट आणि हवेचा पंप गाडीत ठेवायची सोय आधी करा. साध्या टायरवर गाडी मऊ चालते, हे खरं. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याला मी तेच सुचवीन. माझी मुलगी मात्र रात्री उशिरा ऑफिसातून एकटी घरी येते. तिथे जॅक लावत बसण्यापेक्षा हळूहळू घर गाठता येणं मला जास्त मोलाचं वाटतं. त्यांनी रनफ्लॅटच ठेवले.

नवा टायर बसल्यावर हवेच्या दाबाची यंत्रणा रीसेट करायला सांगितलं. ते लोक विसरतात आणि मग दिव्यालाच दोष देतात. आणखी एक काम करून घेतलं. फौजेत बाद केलेली वस्तू पुन्हा वापरात येऊ नये म्हणून ती निकामी करून मगच सोडतात. तो जुना टायर बाहेरून इतका चकचकीत होता, की पॅच लावून कुणा गरजवंताला 'सेकंडहँड, उत्तम' म्हणून सहज खपला असता. जावयांना म्हटलं, कटर मागून घ्या आणि भिंतीला हातभर चीर द्या. दुकानदाराचं तोंड थोडं वाकडं झालं, पण त्यानं कटर दिला.