शीर्षकगीताच्या सावलीतला संकलक

संकलकांच्या या परिषदेच्या वर्षभराच्या कामाचा आढावा अध्यक्षाने घ्यावा असा रिवाज आहे. तो अहवालात छापला आहे, सवडीने वाचावा. मला आज एकाच गोष्टीसाठी भांडायचं आहे. मालिकेच्या शीर्षकाचा विषय निघाला की आपल्याकडे गीतकार, संगीतकार, गायक यांची नावं घेतली जातात. ती घ्यायलाच हवीत. पण त्या मिनिट-दीड मिनिटात कुठला शॉट कशाला जोडला, तो कुठे तोडला, याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. खरी गोष्ट सुरू होण्याआधीची ती सजावट, असं धरून सगळे चालतात. माझं म्हणणं असं की गोष्टीकडे कुठल्या नजरेने पाहायचं हे प्रेक्षक तिथेच शिकतो, आणि ते शिकवते शॉटांची जोडणी.

अमेरिकेतली २००६ सालची, खुनी नायकाची ‘डेक्स्टर’ ही मालिका घ्या. शीर्षकात आहे काय, तर एका माणसाची सकाळची आवराआवर. अंगावरचा डास मारला जातो, दाढी करताना मानेवर रक्त येतं, मांसाचा काप पडतो, अंडं फुटतं, लालभडक संत्रं पिळलं जातं, दात साफ करायचा दोरा बोटांभोवती आवळला जातो, बुटाची नाडी खेचली जाते. गुन्हा एकही नाही. तरी तो दार लावून बाहेर पडेपर्यंत आपण त्याला ओळखून चुकलेलो असतो. हेच सगळं जरा लांबून, अखंड शॉटमध्ये दाखवलं असतं तर न्याहारीची जाहिरात झाली असती. इथे हात चेहऱ्यापासून तोडले आहेत, वस्तू डोळ्यांना भिडेल इतकी जवळ आणली आहे, आणि कापणं, पिळणं, आवळणं एकामागून एक लावलं आहे. नट मोझ्झुखिनचा तोच निर्विकार चेहरा सूपच्या वाडग्याशेजारी भुकेला आणि शवपेटीशेजारी शोकाकुल वाटला, हा दिग्दर्शक कुलेशोव्हचा प्रयोग आपण सगळे शिकलो. ‘डेक्स्टर’ त्याच्याही पुढे जाते. तिथे शेजारचा शॉट पडद्यावर नाहीच. प्रेत प्रेक्षक आपल्या मनातून जोडतो.

संगीतवाले म्हणतील, ही करामत सुरावटीची. पण ‘डेक्स्टर’ची सुरावट खट्याळ आहे, चित्र काढून घेतलं तर ती एखाद्या विनोदी मालिकेलाही शोभेल. भीती उपजते ती सूर आणि कट यांच्यातल्या विसंगतीतून. ‘द वायर’ (२००२–२००८) मध्ये पाचही पर्वांना गाणं एकच, आवाज दर पर्वात वेगळा, आणि दृश्यं दरवेळी नव्याने जुळवलेली. आवाज बदलला की भाव बदलतो, हे कबूल. सगळं श्रेय मी संकलनाला देत नाही. मात्र दुसऱ्या पर्वात गोष्ट बाल्टिमोरच्या बंदरावर गेली, हे त्या गाण्यातून कसं कळणार? ते शॉटच सांगतात.

माझा सगळ्यात भक्कम पुरावा ‘द सोप्रानोज’चा. १९९९ पासून नायक टोनीची गाडी न्यूयॉर्कच्या बोगद्यातून न्यू जर्सीकडे, घराकडे निघायची आणि गाडीच्या आरशात जुळे मनोरे दिसायचे. ११ सप्टेंबर २००१ ला ते मनोरे कोसळले, आणि २००२ च्या चौथ्या पर्वापासून तो शॉट वगळला. शॉटमधली एक फ्रेमही बदलली नव्हती, पण तो तसाच राहता तर प्रेक्षक दर भागात त्या आरशापाशी अडकला असता आणि टोनीचा घरचा रस्ता तिथेच तुटला असता. शीर्षक ही नुसती सजावट असती, तर क्षणभराचा एक शॉट काढण्याची गरज कुणाला पडली असती?

आता शेवटचा आक्षेप. नेटफ्लिक्सने २०१७ साली शीर्षक ओलांडायचं बटण दिलं. लोक ते दाबतात, मग हा खटाटोप कुणासाठी? सुरुवातीच्या भागांत ज्याने शीर्षक पाहिलं, त्याचा धडा तेव्हाच गिरवून झालेला असतो. आणि ज्या शीर्षकांत सासूपासून धाकट्या दिरापर्यंत एकेक जण वळून हसतो आणि ढोलकीच्या प्रत्येक थापेवर एक कट पडतो, ती जरूर ओलांडावीत. मी बटणाच्या बाजूने आहे. तालावर कापायला संकलक कशाला लागतो?

या परिषदेने जुन्या मराठी मालिकांची शीर्षकं मिळतील तिथून जमवावीत, त्यांचे शॉट क्रमवार लिहून काढावेत. समिती, खर्च, मुदत कार्यकारिणीने बघावी. श्रेयनामावलीत शीर्षकाच्या संकलकाचं नाव स्वतंत्र यावं, हा ठराव मात्र आज दुपारच्याच सत्रात यायला हवा. सूचक म्हणून माझं नाव लिहून घ्या. अनुमोदक तुमच्यातून उभा राहू दे.