पाव गुंठ्यातलं घर

आम्ही गंगापूर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका. आज आपल्याशी लहान घराबद्दल बोलायचं आहे.

आमच्यातल्या एकीची लेक वाळूजला राहते. जावई कंपनीत, दोन लेकरं, दहा बाय बाराची पत्र्याची खोली. मे महिन्यात त्या पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. थोरली पोर दहावीला, अभ्यासाला गल्लीत दिव्याखाली बसायची. पै पै जमवून त्यांनी यंदा शहरात जागा घेतली. जागा म्हणजे दोन घरांच्या मधे उरलेली चिंचोळी पट्टी. रुंदी १२ फूट, लांबी २२ फूट. हिशेब केला तर पाव गुंठाही भरत नाही. पाव गुंठा म्हणजे २७२ चौरस फूट. एवढ्या जागेत आपण मेथी-कोथिंबिरीचे वाफे टाकतो, तिथे चार माणसांचा संसार कसा मांडायचा?

गवंडी म्हणाला, पुढे खोली, मागे स्वयंपाकघर, झालं घर. जावई हो म्हणाले. लेकीला कोणी विचारलंच नाही. ती माहेरी आली आणि गटाच्या बैठकीत रडली.

तेव्हा आम्हाला मुंबईच्या भायखळ्याच्या बायकांची गोष्ट आठवली. त्या पदपथावर राहायच्या. भिंतीला टेकून ताडपत्री आणि फळ्यांची झोपडी, एवढंच घर. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, की पालिकेला पदपथावरच्या झोपड्या काढता येतील. सगळ्यांच्या पोटात गोळा आला. त्या वेळी स्पार्क ही संस्था तिथे काम करत होती. तिच्या सोबतीने या बायका एकत्र आल्या, त्यांनी महिला मिलन नावाचे गट केले आणि रोजची थोडी थोडी बचत सुरू केली. नुसतं ‘घर द्या’ म्हणून त्या थांबल्या नाहीत. आपल्याला घर कसं हवं, ते त्यांनी स्वतः ठरवलं. मापासाठी अंगावरच्या साडीची लांबी धरली. कापडाचं पूर्ण मापाचं घर उभं करून त्यात फिरून पाहिलं आणि लोकांनाही दाखवलं.

त्यांनी काय मागितलं, ते नीट ऐका. जागा थोडी चालेल, पण छत १४ फूट उंच पाहिजे, म्हणजे मधे पोटमाळा घालता येतो. खाली चूल आणि बसणं-उठणं, वर झोपणं आणि लेकरांचा अभ्यास. तेवढ्याच जमिनीत जवळजवळ दीड घर. संडास घरोघरी नको, काही घरांत मिळून एक असला तर जागाही वाचते, पाणीही, असंही त्यांचं म्हणणं होतं. यातल्या काही कुटुंबांना पुढे मानखुर्दला पक्की घरं मिळाली. त्याला वीसेक वर्षं लागली, पण गट टिकला.

पुण्याच्या येरवड्यातही २००९ च्या सुमारास असंच काम झालं. सरकारी योजनेतून झोपडपट्टीतली जुनी घरं जागच्या जागी नव्याने बांधली. घर साधारण २७० चौरस फुटांचं, म्हणजे पाव गुंठाच. दहा टक्के वाटा घरवाल्यांचा. वास्तुविशारदांसोबत महिला मिलनच्या बायका बसल्या. आपल्या गावच्या घरकुलाचं मापही २५ चौरस मीटर, म्हणजे २६९ चौरस फूट. तेव्हा ही गोष्ट फक्त शहराची नाही.

मग आम्हीही खळ्यावर चुन्याची फक्की टाकून लेकीचं घर आखलं. सहावारी साडी १८ फूट भरते, आजीचं नऊवारी लुगडं २७ फूट. ते अंथरलं, तर घरापेक्षा पाच फूट जास्त निघालं! काठ्या रोवून साड्यांच्या भिंती केल्या. आत खरी बाज ठेवली, गॅस ठेवला, पाण्याची टाकी ठेवली. लेकीला म्हटलं, आता स्वयंपाक कर. दोन मिनिटांत कळलं, की स्वयंपाकघराचं दार बाजेला आपटतं. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, म्हणजे मधल्या भागात दिवसाही अंधार. मागच्या बाजूला चार फूट जागा उघडी सोडली, तर चुलीला उजेड मिळतो, धूर बाहेर जातो आणि मोरीही तिथेच बसते. छत १४ फूट धरलं आणि पुढच्या निम्म्या भागावर पोटमाळा. तिथे खिडकीशी पोरीचं टेबल.

पैशाचाही विचार केला. हल्ली शेताला तयार कंपाउंड करतात ना? खाचेचे सिमेंटचे खांब, त्यात प्लेटा सरकवायच्या. सगळे तुकडे एका मापाचे, हवे तेव्हा जोडा. घरही तसं तुकड्यातुकड्याने वाढवता येतं. मात्र कंपाउंडच्या खांबांवर घर उभं करू नका, ते वजन पेलत नाहीत. पाया आणि घराचे खांब जाणत्या इंजिनिअरकडून आखून घ्या आणि पहिल्याच वेळी मजबूत करा. तिथे काटकसर नको. पोटमाळ्याच्या फळ्या, लोखंडी जिना, कपाटं हे बचत होईल तसं एकेक बसवता येतं.

आणखी एक. शहरात अशा उरलेल्या तुकड्यांचे व्यवहार पुष्कळदा बाँडपेपरवर होतात. त्याने मालकी मिळत नाही. दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं खरेदीखत पाहिजे, बांधकामाची परवानगी पाहिजे. नाल्याच्या पात्रातला तुकडा स्वस्त मिळाला तरी घेऊ नका. आणि खरेदीखतावर नवऱ्यासोबत बाईचंही नाव घाला.

जावई आधी रुसले. म्हणाले, सासूच्या गावच्या बायका माझं घर आखणार? आम्ही त्यांनाच खळ्यावर बोलावलं आणि साड्यांच्या घरात बाजेवर निजायला लावलं. उठताना डोकं दाराच्या काठीला लागलं. हसले, आणि म्हणाले, दार तिकडे सरकवा. आता पाया भरून झालाय. छताची उंची १४ फूटच राहणार आहे. खरेदीखतावर लेकीचं नाव अजून चढलेलं नाही. त्यासाठी आमचं बोलणं चालू आहे, आणि ते आम्ही सोडणार नाही.

तुमच्या गटात कोणाचं घरकुल मंजूर झालं असेल, तर गवंड्याने दोरी लावायच्या आधी एक संध्याकाळ अंगणात साड्या अंथरा. जिला त्या घरात राबायचं आहे, तिला आधी आत फिरू द्या.