खोपीतला उजेड
(इचलकरंजी येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



आपण ज्या गावात बसलो आहोत तिथे १९०४ साली पहिला यंत्रमाग लागला. आजही रात्रपाळीत इथल्या मागांवर लख्ख उजेड असतो. पण कापूस-ज्वारी पिकवणारा आमचा माणूस दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बीडहून, जतहून याच पंचगंगाकाठी येतो आणि पाचटाच्या खोपीत अंधारात राहतो. कोरडवाहूचं गणित बसत नाही म्हणून तो ऊस तोडतो. तेव्हा हा प्रश्न परक्याचा नाही, आपल्याच घरचा आहे.

रेशनच्या रॉकेलचा कोटा घटत गेला आणि चिमणी-कंदील विझले. मग कोणी छोट्या टाकीवर गॅसबत्ती लावतो. ती परवडते का, याचा हिशेब आपण मांडू.

गॅसबत्तीत उजेड ज्योतीचा नसतो, तापलेल्या मेंटलचा असतो. मध्यम बत्ती तासाला सुमारे ४० ग्रॅम गॅस खाते. रोज ४ तास लावली तर ५ किलोची टाकी महिनाभर पुरते. त्या टाकीत सुमारे ६४ युनिटांची उष्णता असते. त्यातून उजेड किती? जुन्या ४०-६० वॅटच्या बल्बाएवढा. बाकी सगळी धग! तेवढाच उजेड ९ वॅटचा एलईडी दिवा महिन्याला जेमतेम १ युनिटात देतो. म्हणून आमचं म्हणणं असं की गॅस चुलीसाठी ठेवा, उजेडासाठी सौर कंदील घ्या.

तरीही कुणाला गॅसबत्ती लावावीच लागली, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा.

एक, हा गॅस हवेपेक्षा जड. गळाला की जमिनीलगत साचतो, आणि खोपीत लेकरं जमिनीवरच निजतात. वास आला की काडी ओढू नका. आधी माणसं बाहेर काढा, मग टाकी बंद करा.

दोन, खोप बंद करून बत्ती लावू नका. हवा कमी पडली की विषारी वायू तयार होतो. त्याला वास नसतो. झोपलेला माणूस उठतच नाही.

तीन, पाचट, कडबा, घरात साठवलेला कापूस यांच्याजवळ बत्ती नको. एका ठिणगीत वर्षाची कमाई जाते.

चार, चोरून भरलेली टाकी घेऊ नका. आणि फुटलेल्या मेंटलची भुकटी फुंकू नका. जुन्या मेंटलात थोरियम असतं.

आपल्या ज्वारीतूनही उजेड निघतो, हे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं दाखवलं. गोड ज्वारीच्या रसापासून अल्कोहोल काढून त्यावर चालणारी बत्ती आणि शेगडी त्यांनी केली. म्हणजे अक्कल गावात आहे, कमी आहे ती दाम मिळण्याची.

म्हणून मागणी साधी आहे. ज्या कारखान्याच्या आवारात रात्रभर दिवे जळतात, त्यानं आपल्या तोडणी टोळीच्या प्रत्येक खोपीला एक दिवा द्यावा. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ झालं आहे. त्याच्याकडेही हे मागितलं पाहिजे. पण मुकादमाशी उचलीचा करार करताना आपणच 'दिवा' हा शब्द बोललो नाही, तर तो कुणी आपणहून देणार नाही.

यंदा कोयता उचलण्याआधी, गावातच, टोळीनं एकत्र बसून हा शब्द करारात घालून घ्या. ही भीक नाही, आपल्या घामाचा भाग आहे.