पुंजसंगणकाची घरगुती तालीम

पुंजसंगणकाची आज्ञावली खऱ्या यंत्रावर चढविण्यापूर्वी आम्ही तिची तालीम घरच्या संगणकावर, डॉकरच्या पेटीत घेतो. पेटी कशाला, असे विचाराल. २०२४ साली किस्किटची १.० आवृत्ती आली. तीत ‘एक्झिक्यूट’ हे रुळलेले फंक्शनच गाळलेले, आणि जुन्या मांडणीवर नवी चढवू गेल्यास सगळाच घोटाळा. पेटीत आवृत्त्यांचे आकडे बांधून टाकता येतात.

पण पेटीने स्मृती वाढत नाही बरे! ३० क्युबिटांची पूर्ण अवस्था मांडावयास १६ गिगाबाइट लागतात, एकतिसाव्याला ३२. पेटीला घातलेली मर्यादा ओलांडली की लिनक्स काम तिथेच मारतो. म्हणून आमच्या रोजच्या चाचण्या विसांतच; तेथे १६ मेगाबाइटांत भागते. खऱ्या यंत्रातला गोंगाट मात्र या तालमीत आपोआप येत नाही, तो मुद्दाम कालवावा लागतो.