रोजचा एक तास म्हणजे वर्षाचे 45 दिवस

(नांदेड-लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



कापसाच्या भावाविषयी आपण प्रत्येक बैठकीत बोलतो आणि भाव मिळेपर्यंत बोलतच राहणार. आज मात्र मी दुसऱ्या एका हिशेबाविषयी बोलणार आहे. हा हिशेब सरकारकडे मागायचा नाही. तो आपला आपणच घरी बसून करायचा आहे.

शेतमालाचा उत्पादनखर्च काढताना कृषिमूल्य आयोगसुद्धा घरच्या माणसांच्या राबण्याची मजुरी धरतो. पुरेशी धरतो का, हे भांडण वेगळे. पण आपण आपल्या घरात ती धरतो का? मजूर लावला तर पैसे गेले म्हणून जीव हळहळतो. घरची लक्ष्मी चार दिवस जास्त खुरपत बसली, तर तिची नोंद कुणाच्याच वहीत होत नाही. जे मोजले जात नाही ते फुकट वाटते, आणि फुकट वाटते ते वाया जाते.

साधे गणित करा. दिवसाचा एक तास वाचला तर वर्षाचे 365 तास झाले. आठ तासांचा एक रोज धरला तर ते 45 रोज होतात. दीड महिना! एवढे दिवस कोणतीही योजना आपल्या पदरात घालणार नाही. ते आपल्याच घरात पडलेले आहेत, उचलायचे तेवढे बाकी आहे.

अवजार कुणाच्या हातात आले?

गेल्या 40-50 वर्षांत आपल्या शिवारात काय काय बदलले ते पाहा. नांगरटीला ट्रॅक्टर आला, पुष्कळ ठिकाणी पेरणीलाही आला. मळणीयंत्र आले आणि बैलांची पात सुटली. गावात गिरणी आली आणि बाईचे जाते सुटले. जात्यावरच्या ओव्या गेल्या म्हणून शहरातली माणसे हळहळतात. पहाटे उठून पायली-पायली दळलेली म्हातारी काही हळहळत नाही.

पण खुरपणी, कापसाची वेचणी, ज्वारीची कणसे खुडणे ही कामे? ती आजीने जशी केली तशीच नात करते आहे. गड्याच्या कामाला यंत्र आणि बाईच्या कामाला तेच खुरपे, अशी वाटणी आपण करून ठेवली आहे. बाईचा वेळ मोजलाच नाही, म्हणून तो वाचवायचेही कुणाला सुचले नाही.

नव्या अवजाराविषयी शंका येते, हे खरे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली लोखंडी नांगर काढला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष पसरेल असे शेतकरी म्हणत. आज लाकडी नांगर शोधूनही सापडत नाही. त्या नांगराच्या आधी त्यांनी कडबा कापायचे यंत्र काढले होते. शंभराहून अधिक वर्षे झाली, तरी आपल्यातले कितीतरी जण अजून अख्खी पेंढी जनावरापुढे टाकतात. जनावर पाला खाते, बुडखे तुडवते, आणि दुष्काळ पडला की तोच कडबा आपण दामदुपटीने विकत आणतो.

कोळपे, विळा आणि ओटी

आता करायचे काय ते सांगतो. पहिले, सायकल कोळपे. जुन्या सायकलचे एक चाक, दोन दांड्या आणि खाली पास. गावातला वेल्डिंगवाला करून देतो. उभ्या उभ्या एक माणूस दोन ओळींमधले तण काढत जातो. झाडाच्या बुडातले तण तेवढे हाताने काढावे लागते. दिवसभर उकिडवे बसणे वाचते, गुडघे आणि कंबर वाचते. मात्र ते तण कोवळे असताना आणि वापसा असताना चालवायचे. गवत गुडघ्याला लागल्यावर कोळपे आठवून उपयोग नाही. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुनी माणसे म्हणत. भेगा बुजतात, ओल टिकते. कोरडवाहूवाल्याला दुसरे पाणी आहे तरी कुठे?

दुसरे, दातेरी विळा. वैभव विळा म्हणून तो बाजारात मिळतो. त्याला घडोघडी धार लावावी लागत नाही. रब्बी ज्वारी उपटताना तळहाताची सालटी निघतात. त्यासाठी चिमटाही निघाला आहे. विकत घ्यायच्या आधी दोन-चार घरांनी मिळून एक आणावा आणि वापरून पाहावा.

तिसरे, वेचणीची ओटी. जुन्या शर्टाला पुढे दोन मोठे खिसे शिवा. एकात स्वच्छ कापूस, दुसऱ्यात कवडी. लांब बाह्यांमुळे हात ओरबाडत नाहीत आणि घरी येऊन निवडत बसण्याचे दुसरे काम उरत नाही. दव उतरल्यावरच वेचा. कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की पैसे कापतात आणि 12 च्या वर गेला की कापूस घेतच नाहीत. सकाळी घाईने वेचलेले दव काट्यावर भरते आणि पट्टीवर कापले जाते.

पाऊस मोजा, बी तपासा

पाऊस "चांगला झाला" असे आपण म्हणतो. चांगला म्हणजे किती? सरळ उभ्या बाजूंचा, सपाट बुडाचा एक डबा मोकळ्या जागी ठेवा. सकाळी पोराची पट्टी त्यात उभी धरा. जितके मिलिमीटर पाणी, तितका पाऊस. मग डबा रिकामा करा आणि आकडा भिंतीवर लिहा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नका, असे कृषी विद्यापीठ सांगते. मंडळाच्या गावी यंत्र आहे, पण ते आपल्या रानात पडलेला पाऊस सांगत नाही. हे मोजायला मिनिटभर लागते. न मोजता पेरले आणि पावसाने ओढ दिली, तर दुबार पेरणीत बी जाते, खत जाते, आणि तिसऱ्यांदा सावकाराचे दार दिसते.

घरच्या ज्वारीचे किंवा सोयाबीनचे बी पेरायचे असेल, तर 100 दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळा, ओल टिकवा, आणि आठवड्याने उगवलेले मोजा. 70-75 च्या खाली उगवले तर बी बदला किंवा जास्त वापरा. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाड्यातून तक्रारींचा ढीग पडला. कापसाचे बी विकतचेच असते. त्याची पावती, पिशवी, टॅग आणि मूठभर बी सुगी होईपर्यंत जपून ठेवा. पुरावा नसलेल्या तक्रारीला कुणी विचारत नाही.

एक सवय जिवाची

फवाऱ्याचे नोझल तुंबले की तोंडाने फुंकायचे, ही सवय आजपासून बंद. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक माणसे गेली. पंपालाच एक जुना टूथब्रश बांधून ठेवा. वाऱ्याकडे पाठ करून फवारा. नाका-तोंडाला फडके, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, बांधावर साबण आणि पाण्याची घागर. हात धुतल्याशिवाय तंबाखूही नाही आणि भाकरीही नाही. येथे वाचतो तो तास नव्हे, माणूस वाचतो.

भावांनो, खंडेनवमीला आपण अवजारांना हळदकुंकू वाहतो. मग वर्षभर तीच अवजारे उकिरड्याशेजारी गंजतात, आणि मृगाचा पाऊस पडला की तिफणीचा बोल्ट शोधत अख्खे घर फिरते. एका भिंतीला खिळे ठोका, प्रत्येक अवजाराची जागा ठरवा, पाना तिथेच टांगा. रोहिणीत सगळे पाहून घ्या. खरी पूजा ती.

यातून कापसाला भाव मिळणार नाही. भावाची लढाई लढावीच लागेल. पण त्या लढाईलाही वेळ लागतो आणि धड शरीर लागते. आज या बैठकीला बाया कमी का आल्या? त्या रानात खुरपत आहेत म्हणून. तेव्हा काम एकच सांगतो. पुढच्या बैठकीला येण्यापूर्वी घरच्या लक्ष्मीला विचारा, "तुझा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो?" ती जे सांगेल, त्याच कामाचे अवजार आधी घरात आणा. आणि वाचलेल्या वेळात तिला घेऊन बैठकीला या.